खाजणातून सड्यावर: मीडियम वेव्ह केंद्राच्या एफएम कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४ : जागा

कोकणातल्या आपल्या मीडियम वेव्ह रेडिओ केंद्राला एफएमची जोड द्यायची आहे. सध्याची स्थिती आधी लिहून ठेवतो. १ किलोवॅटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर. ६२ मीटर उंचीचा, ताणदोऱ्यांनी उभा केलेला मनोरा, तळाशी चिनीमातीचा इन्सुलेटर. मनोऱ्याभोवती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या १२० तारा. हे सगळं खाडीकाठच्या खाजणात, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३ मीटरवर. मीडियम वेव्हला याहून चांगली जागा शोधून मिळणार नाही. पायाखाली कायम खारा चिखल आणि समोर उघडा समुद्र. खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला ५ सीमेन्सच्या आसपास असते, कोरड्या जमिनीची त्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून १ किलोवॅटमध्येही मासेमारी होड्यांना केंद्र लांबवर लागतं.

एफएमला याच्या बरोबर उलट हवं. ओल नको, उंची हवी. खाजणातल्या मनोऱ्याच्या शेंड्यावर अँटेना चढवली तरी पूर्वेला ९० मीटर उंचीचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, भिंतीसारखा आडवा येतो. शिवाय हा मनोरा स्वतःच अँटेना आहे, तळापासून सगळा ‘जिवंत’. त्यावर एफएमची केबल न्यायची तर मध्ये एफएम जाऊ देणारा पण मीडियम वेव्ह अडवणारा आयसोकपलर बसवावा लागतो, नाहीतर केबलच्या बाहेरच्या आवरणातून मीडियम वेव्ह सरळ जमिनीत उतरते. कपलर लावला की मनोऱ्याचं मॅचिंग (ट्रान्समीटरशी जुळणी) पुन्हा करायचं. वर चढण्यासाठी दर वेळी चालू प्रक्षेपण बंद करायचं. ताणदोऱ्यांचा हिशोब ३० वर्षांपूर्वीच्या वजनावर केलेला. हा पर्याय आजच बाद केला.

ठरलं ते असं: सड्यावर ३० मीटरचा स्वतंत्र, चार पायांचा मनोरा आणि चिऱ्याची एक खोली. ट्रान्समीटर १ किलोवॅटचा. स्टुडिओ खालीच राहील. दोन्हींतलं सरळ अंतर २.४ किलोमीटर.

१०० वॅटमध्ये का भागणार नाही, असा प्रश्न आला. २८ एप्रिल २०२३ ला देशात एकाच दिवशी सुरू झालेले ९१ एफएम ट्रान्समीटर १०० वॅटचेच होते, आणि सपाट मुलखात ते छान चालतात. इथं मात्र दर पाच-सात किलोमीटरला एक खाडी नाहीतर वहाळ (ओढा). १० डेसिबल जास्त मिळाले म्हणून डोंगर आरपार दिसत नाही हे खरं, पण सावलीच्या कडेला असलेल्या वाड्या त्या १० डेसिबलमध्ये वर येतात.

३ डिसेंबर २०२४ : खणण्याआधी

परवान्यांचे कागद गेले. मनोऱ्याची उंची, अक्षांश-रेखांश आणि पायथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सगळ्या अर्जांत एकसारखी हवी. एका कागदावर ९० आणि दुसऱ्यावर ९२ मीटर पडलं, की फाइल परत येते.

सड्यावर कुदळ मारण्याआधी कातळ झाडून घेतला. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. बरीचशी माती-गवताखाली झाकलेली असतात. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की खराट्यानं झाडायचं आणि सूर्य कलता असताना पाहायचं. डोक्यावरच्या उन्हात उथळ रेषा दिसत नाहीत. मनोऱ्याच्या जागेभोवती ४० मीटर आणि येण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ५ मीटर झाडून पाहिलं. काही मिळालं नाही. फोटो काढून ठेवले.

मनोरा कड्यापासून १८० मीटर आत घेतला. कड्यावर वारा जोर धरतो आणि कडेचा जांभा सुटा असतो. याची किंमत पुढे मोजावी लागणार, ती १६ मेच्या नोंदीत आहे.

१७ डिसेंबर २०२४ : अर्थिंगचं पहिलं मोजमाप

३ मीटरचा एक नेहमीचा खड्डा, कोळसा आणि मीठ घालून. रोध ६४ ओहम. खालच्या खाजणात असाच खड्डा १ ओहमच्या आत येतो, त्यामुळे आकडा पाहून मीटरच खराब असल्याची शंका आली. मीटर ठीक होता. जांभा भोकाभोकांचा, पाणी धरत नाही. डिसेंबरात ६४, तर मे महिन्यात याहून वाईट.

मोजण्यातही अडचण. तीन खुंट्यांच्या पद्धतीत दोन खुंट्या जमिनीत ठोकाव्या लागतात आणि कातळात त्या शिरत नाहीत. उपाय असा: खुंटीऐवजी फूटभर लांबीरुंदीची लोखंडी पत्रा-पट्टी, खाली मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, वर दोन चिरे. दहा मिनिटं थांबून मग वाचन घ्यायचं. मधली खुंटी एकूण अंतराच्या ६२ टक्क्यांवर, आणि ती थोडी मागे-पुढे सरकवून आकडा फारसा हलत नाही ना, हे पाहायचं. हलला तर बाहेरची खुंटी आणखी लांब न्यायची.

सड्यावरून खाली वहाळापर्यंत तांब्याची पट्टी न्यावी, तिथं बारमाही ओल असते, अशी सूचना आली. ओहममीटरवर हा आकडा सुंदर दिसला असता. आकाशातून पडणाऱ्या विजेसाठी त्याचा उपयोग नाही. पट्टीच्या प्रत्येक मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री प्रेरकत्व असतं. वीज मायक्रोसेकंदात चढते, तेवढ्या वेळात दोनशे मीटरवरची ओल तिला दिसतच नाही. जे करायचं ते मनोऱ्याच्या पायाशीच.

१० जानेवारी २०२५ : पाया

वाऱ्याचा हिशोब: भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मूळ वेग पणजीला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४. आपण मधे असलो तरी ४४ धरला. त्यावर टेकडी-कड्याचा गुणक वेगळा, तो १.३६ पर्यंत जाऊ शकतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे हा गुणक विसरला तर हिशोब जवळजवळ निम्म्यानं चुकतो. ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ लागोपाठच्या दोन वर्षांत येऊन गेल्यावर कोकणात याबाबत कुणाला समजावावं लागत नाही.

पायासाठी प्रत्येक पायाखाली ३२ मिलिमीटरच्या चार सळ्या, ७५ मिलिमीटरच्या भोकात २.५ मीटर खोल, न आकसणाऱ्या सिमेंटच्या घोळात. पहिल्या भोकात हिशोबाच्या तिप्पट घोळ गेला तरी भोक भरेना. जांभ्यातली पोकळी लागली होती. असा घोळ ओतत राहण्यात अर्थ नाही. सळीभोवती तो नीट भरला की नाही, हे वरून कळत नाही. ते भोक पातळ घोळानं आधी बुजवलं, दोन दिवसांनी पुन्हा पाडलं आणि मग सळी घातली. बाकीच्या पंधरांपैकी आणखी दोनांत तेच. प्रत्येक पायाची एक सळी जॅकनं ओढून तपासली.

काँक्रीटवर चौदा दिवस भिजलं गोणपाट. सड्यावर जानेवारीत पाण्याचा थेंब नाही, टँकर लागतो, आणि दुपारच्या वाऱ्यानं गोणपाट तासाभरात कोरडं होतं. वरून प्लास्टिकचा कागद आणि कडेला चिरे ठेवले तेव्हा दिवसाला दोन भिजवण्यांवर भागलं.

३१ जानेवारी २०२५ : अर्थिंग, पुन्हा

बोअरची गाडी आणली. सहा बोअर, १५० मिलिमीटर व्यासाचे, ९ मीटर खोल, एकमेकांपासून १२ मीटरवर, मनोऱ्याभोवती कडं करून. सहा-सात मीटरच्या पुढे जांभा संपून मऊ चिकणमाती लागते आणि ती जानेवारीतही दमट होती. खरा फरक तिथंच पडला. आत तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि भोवती ओल धरणारी बेंटोनाइट माती. मीठ नाही. जांभ्यातून मीठ दोन पावसाळ्यांत धुऊन जातं आणि जाताना धातू खातं.

एकेकटे बोअर २१ ते २८ ओहम. समांतर जोडल्यावर कागदावर ४ यायला हवेत, आले ५.३. रॉड एकमेकांच्या क्षेत्रात येतात म्हणून. खोलीच्या दुप्पट अंतर ठेवलं असतं तर फरक कमी झाला असता, पण जागेची हद्द आडवी आली. सगळे बोअर २५ × ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या पट्टीनं कड्यात जोडले. खोलीचं, मनोऱ्याचं, विजेच्या मीटरचं अर्थिंग याच कड्याला. वेगळं ‘स्वच्छ’ अर्थिंग कुठंही ठेवलं नाही. वीज पडली की दोन वेगळ्या अर्थिंगांमध्येच हजारो व्होल्ट उभे राहतात आणि मधलं यंत्र जळतं.

२० फेब्रुवारी २०२५ : मनोरा उभा

अकरा दिवसांत चढला. उतरवून घेताना जस्ताचा थर मोजला. ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड लोखंडाला चौरस मीटरला ६१० ग्रॅम हवा, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन. मुख्य पाय ठीक. तिरप्या पट्ट्यांच्या एका गठ्ठ्यावर ५० ते ६० मायक्रॉन. तो गठ्ठा परत केला. समुद्रापासून दीड किलोमीटरवर हा थर काही वर्षांतच लाल पडला असता.

वाहतुकीत खरवडलेल्या जागी जस्ताचा लेप, दोन हात. पांढरे-नारिंगी पट्टे. वरचा लाल दिवा.

१२ मार्च २०२५ : शिमगा, म्हणून स्टुडिओ

उद्या होळी. सगळे गडी गावी पालखीला गेले, आठवडाभर सड्यावर कुणी नाही. वेळापत्रक आखतानाच हे आठ दिवस वगळले होते. कोकणात मार्चचं वेळापत्रक करताना ते वगळले नाहीत तर कागद खोटा ठरतो.

या आठवड्यात आवाजाची वाट बदलली. आजवर स्टुडिओतून निघालेला आवाज मीडियम वेव्हच्या प्रोसेसरमधून जात होता. दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर, म्हणून हा प्रोसेसर ४.५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापतो. तोच आवाज एफएमला दिला तर उत्तम ट्रान्समीटरमधून टेलिफोन ऐकल्यासारखं होईल. कन्सोलच्या (आवाज मिसळायच्या टेबलाच्या) बाहेर लगेच दोन वाटा केल्या: एक जुन्या प्रोसेसरकडे, दुसरी सरळ एफएमच्या प्रोसेसरकडे.

आणि मग कळलं की ४.५ किलोहर्ट्झची ती भिंत इतकी वर्षं आपलं काय काय झाकत होती. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची चरचर. एसीचा वारा. एका मायक्रोफोनच्या केबलचा शिसकारा. बाहेरचे बेडूक जुलैत येतील ते वेगळे. चोक बदलून घेतले, एसीचा झोत मायक्रोफोनवरून वळवला, दोन केबल बदलल्या. स्टुडिओवरच्या पत्र्याखाली आतून जाड थर दिला. मीडियम वेव्हवर पावसाचा आवाज नुसता घुमायचा, एफएमवर थेंब मोजता येतील.

सर्वांत जास्त वेळ गेला तो टाळाला. आपल्याकडे एफएमला ५० मायक्रोसेकंदांचा प्री-एम्फसिस असतो: पाठवताना वरचे स्वर चढवायचे, रेडिओत तेवढेच उतरवायचे. ८ किलोहर्ट्झला हा चढाव ८.६ डेसिबल आणि १५ किलोहर्ट्झला १३.७. बोलण्यातल्या स, श, च ला तो थोडा जाणवतो. भजनातल्या टाळांची सगळी ताकद मात्र नेमकी याच पट्ट्यात. साध्या लिमिटरवर, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रावर, टाळ वाजला की लिमिटर संपूर्ण आवाज खाली ओढतो, बुवा दर टाळीला मागे जातो आणि परत येतो. वरच्या पट्ट्याला वेगळा लिमिटर लावला, त्याचा सुटण्याचा वेळ कमी ठेवला. आता टाळ थोडा बोथट लागतो, पण बुवा जागचा हलत नाही. कोकणातल्या केंद्राचा प्रोसेसर पाश्चात्त्य गाण्यांवर लावून ठरवू नये. डबलबारीचं तासाभराचं ध्वनिमुद्रण लावून ठरवावा.

३ एप्रिल २०२५ : अँटेना आणि फीडर

चार मजल्यांची वर्तुळाकार ध्रुवणाची अँटेना, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही ध्रुवणांत लहरी सोडणारी. मंजूर वारंवारता १०० मेगाहर्ट्झच्या किंचित वर, तरंगलांबी ३ मीटर धरली. मजल्यांतलं अंतर पूर्ण तरंगलांबीऐवजी ०.८५, म्हणजे २.५५ मीटर. पूर्ण अंतरावर फायदा किंचित जास्त मिळतो, पण बरीच शक्ती सरळ खाली, म्हणजे आपल्याच खोलीवर पडते.

अँटेना मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या पायावर. लोखंडी मनोरा पाठीशी आला की पश्चिमेला थोडी सावली पडते, ती चालेल. पश्चिमेला समुद्र आहे आणि समुद्र मीडियम वेव्हचा.

दिशा होकायंत्रानं ठरवू नये. जांभ्यात लोह भरपूर, वर शेजारी टनावारी लोखंड. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पावर होकायंत्राची सुई भरकटते, हे सर्वांना माहीत आहेच. नकाशावरचे दोन ठळक बिंदू, समोरच्या सड्यावरची पाण्याची टाकी आणि खाडीचा पूल, धरून दिशा आखली.

फीडर, म्हणजे ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची केबल, ७/८ इंची फोमचा, ४५ मीटर. १०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण १.२ डेसिबल, म्हणजे आपल्याला अर्धा. जोड आणि चार मजल्यांत शक्ती वाटणारा विभाजक धरून एकूण तोटा ०.७. अँटेनाचा फायदा प्रत्येक ध्रुवणात ३.२. निव्वळ २.५ डेसिबल, म्हणजे परिणामी शक्ती पावणेदोन किलोवॅटच्या थोडी वर. क्लॅम्प दर मीटरला. दीड मीटरवर चालतात असं पुस्तक सांगतं, पण पुस्तकातल्या मनोऱ्यांवर माकडं झोके घेत नाहीत.

फीडरचं आवरण तीन ठिकाणी अर्थ केलं: वर, मनोऱ्याच्या पायाशी आणि खोलीत शिरण्याआधी. क्लॅम्प ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ चा समुद्राकाठी चहाच्या डागासारखा रंग होतो आणि मग खड्डे पडतात.

१२ एप्रिल २०२५ : लिंक आणि भरती

स्टुडिओपासून सड्यापर्यंत आवाज नेणारी ५.८ गिगाहर्ट्झची बिनतारी लिंक, दोन्हीकडे ३० सेंटिमीटरच्या डिश. चार दिवस नोंद ठेवली. सिग्नल १ मिलिवॅटच्या तुलनेत उणे ५८ डेसिबलवरून उणे ७१ पर्यंत खाली जातो, परत येतो; एका भरतीत तीन-चार वेळा. रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथंच कारण हाती आलं. भरती-ओहोटीचं पंचांग शेजारी ठेवल्यावर शंका उरली नाही.

सिग्नलची एक वाट सरळ, दुसरी खाडीच्या पाण्यावर आपटून. स्टुडिओकडची डिश पाण्यापासून १२ मीटर, सड्यावरची १००. हिशोबानं आपटण्याची जागा स्टुडिओपासून अडीचशे मीटरवर, खाडीच्या ऐन पात्रात. पाणी २ मीटर चढलं की दोन वाटांतला फरक १९ सेंटिमीटरनं बदलतो. तरंगलांबी ५.२ सेंटिमीटर. म्हणजे साडेतीन वेळा जुळणार आणि साडेतीन वेळा तुटणार, जे दिसलं तेच.

शक्ती वाढवून हे जात नाही, दोन्ही वाटा सारख्याच वाढतात. स्टुडिओकडून पाहता सरळ आणि आपटलेल्या किरणांत जवळपास ५ अंशांचा कोन. ३० सेंटिमीटरच्या डिशचा झोत १२ अंशांचा, तिला दोन्ही सारखेच. तिथं ६० सेंटिमीटरची डिश लावली, झोत ६ अंश, आणि ती मुद्दाम १ अंश वर उचलली. सरळ सिग्नल नावापुरता कमी झाला, पाण्यावरचा १० डेसिबलच्या वर दबला. आता चढ-उतार ३ डेसिबलच्या आत.

लिंक पडली तर? सड्यावर एक साधा मीडियम वेव्ह रिसीव्हर ठेवला. २० सेकंद शांतता झाली की आवाज त्याच्यावर जातो. ४.५ किलोहर्ट्झचाच, पण बंद पडण्यापेक्षा बरा. नव्या केंद्राला आधार जुन्याचा.

२४ एप्रिल २०२५ : आधी ऐकू येणारा प्रतिध्वनी

एफएम ट्रान्समीटर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रोधावर. १ किलोवॅट बाहेर, १.५ किलोवॅट आत. वारंवारतेचं विचलन ७५ किलोहर्ट्झच्या आत. सगळं ठीक, पण हेडफोनवर निवेदकाच्या प्रत्येक वाक्याआधी तेच वाक्य पुसट ऐकू येतं. प्रतिध्वनी नंतर येतो. हा आधी येत होता.

कारण असं. लिंकच्या कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करून पुन्हा उलगडणाऱ्या यंत्रात) आवाजाला ३२० मिलिसेकंद लागतात. मीडियम वेव्हला वाटेत काहीच वेळ लागत नाही. म्हणजे पुसट आवाज मीडियम वेव्हचा, तो सड्यावरच्या तारांत थेट शिरतोय. १ किलोवॅटचं क्षेत्र २.४ किलोमीटरवर मीटरला सव्वाशे मिलिव्होल्ट असतं. इथं तारेचा कुठलाही तुकडा अँटेना. रात्री प्रक्षेपण संपल्यावर मीडियम वेव्हवर दोन मिनिटं चाचणीचा स्वर दिला, मग मीडियम वेव्हचा ट्रान्समीटर बंद केला. स्वर गेला. खात्री झाली.

घुसायची वाट कोडेक आणि एक्सायटरमधली (एक्सायटर म्हणजे ट्रान्समीटरचा एफएम सिग्नल तयार करणारा भाग) ३ मीटरची साधी आरसीए केबल. ती काढली, दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर लावून बॅलन्स्ड केली. पण निम्माच फरक पडला. मग केबलच्या टोकांचे एक्सएलआर जोड उघडले: शील्ड (तारेभोवतीचं धातूचं आवरण) एका टोकाला मोकळं सोडलेलं. गुणगुण टाळण्यासाठी ही जुनी सवय बरी, पण रेडिओ वारंवारतेला ते मोकळं टोक म्हणजे उघडं दार. दोन्ही टोकं जोडली, तीही यंत्राच्या आतल्या पट्टीवर नाही, बाहेरच्या पेटीला. शेवटी दोन्ही टोकांना ३१ क्रमांकाच्या फेराइटच्या मोठ्या कड्यात केबलचे दहा-दहा वेढे. ४३ क्रमांकाचं कडं बाजारात सहज मिळतं, पण १ मेगाहर्ट्झच्या आसपास ते फार कमी काम करतं. आणि केबलवर नुसता चिकटवायचा फेराइटचा मणी इथं केवळ दागिना.

तो पुसट आवाज आधी उणे ४२ डेसिबल, आता उणे ७० च्या खाली.

६ मे २०२५ : सहा डेसिबल कुठे गेले

अँटेनावर पहिल्यांदा पूर्ण शक्ती. व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारं गुणोत्तर, १ म्हणजे काहीच नाही) १.१५. सगळे खूश. संध्याकाळी समोरच्या सड्यावर, ८ किलोमीटरवर, सरळ दृष्टीत मोजलं. हिशोबानं ९१ डेसिबल (मीटरला १ मायक्रोव्होल्टच्या तुलनेत) यायला हवेत. आले ८५.

एखाद-दोन डेसिबल इकडेतिकडे होतातच, पण नेमके सहा म्हणजे सिग्नलच्या क्षेत्राची तीव्रता नेमकी अर्धी, आणि नेमकं अर्धं झालं तर ते योगायोगानं नसतं. चार मजल्यांपैकी एक उलटा असेल तर तीन वजा एक, उरले दोन. चाराच्या जागी दोन. व्हीएसडब्ल्यूआरला याचा पत्ता लागत नाही, कारण उलटा मजलाही शक्ती पूर्ण घेतो, फक्त बाकीच्यांच्या विरुद्ध फेकतो.

८ मे २०२५

दुर्बिणीतून सापडलं. वरून तिसऱ्या मजल्याची गरम भुजा (केबलच्या मधल्या तारेला जोडलेली) खाली. कारखान्याची खूण स्टिकरची होती, उन्हानं आधीच फिकी पडलेली. वर चढून फिरवला, चाळीस मिनिटांचं काम. समोरच्या सड्यावर आता ९०.५. पुढे लक्षात ठेवायचं: जमिनीवर असतानाच प्रत्येक गरम भुजेवर लाल रंगाचा पट्टा ओढायचा, आणि चढवून झाल्यावर खालून फोटो काढून चारही पट्टे एका बाजूला आहेत ना, ते पाहायचं.

१६ मे २०२५ : गाडीतून मोजणी

ग्रामीण भागात मोनोला ४८ डेसिबल आणि स्टिरिओला ५४, ही आंतरराष्ट्रीय शिफारस, जमिनीपासून १० मीटरवर. महामार्ग ६६ वर उंचवट्यांवर भरपूर, ओढ्यांच्या उतारांत तुटक. १४ किलोमीटरवरच्या सड्यावर ७० च्या वर. खाडीकाठच्या बाजारात ६१. आणि आपल्याच सड्याच्या कड्याखालच्या वाडीत ४३.

सर्वांत जवळची वाडी सर्वांत वाईट. डिसेंबरात मनोरा कड्यापासून १८० मीटर आत घेतला त्याचा हा हिशोब: अँटेनाची सरासरी उंची २५ मीटर धरली तर कड्याच्या कडेवरून जाणारी नजर ९० मीटर खाली उतरेपर्यंत कड्यापासून साडेसहाशे मीटर पुढे गेलेली असते. त्या पट्ट्यातल्या वाड्या सावलीत. तिथं मीडियम वेव्ह खणखणीत लागतं. पण तिथल्या पोरांच्या मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह नाही, आणि घरातल्या स्वस्त एलईडी दिव्यांनी ती खरखरते.

स्टिरिओ बंद ठेवला. पायलट (रेडिओला स्टिरिओची खूण देणारा स्वर) काढल्यावर कडेच्या भागात शिसकारा बराच कमी होतो, आणि आपला तीन चतुर्थांश कार्यक्रम एका मायक्रोफोनवरचं बोलणं आहे. डाव्या-उजव्या कानाच्या हौसेपायी दोन गावं सोडण्यात शहाणपण नाही.

२२ मे २०२५ : आगोट हुकली

वेळापत्रकात ७ जूनचा पाऊस धरला होता. परवापासून धो-धो. व्हीएसडब्ल्यूआर १.१५ वरून १.७. परतणारी शक्ती ६७ वॅट, ट्रान्समीटरनं स्वतःच शक्ती उतरवली. ४०० वॅटवर चालू ठेवलाय.

केबलमधला दोष किती अंतरावर आहे ते मोजलं: ४१ मीटर. म्हणजे वरच्या विभाजकाचा तोंडाचा जोड. पावसात वर चढायचं नाही.

२७ मे २०२५

मान्सून २४ ला केरळात, २५ ला तळकोकणात, काल मुंबईत. उघडीप नाही.

३० मे २०२५ : जोड

दोन तासांची उघडीप मिळाली. जोड उघडला, आत चमचाभर पाणी, मधली पिन हिरवी. टेप वरून खाली गुंडाळलेली होती. प्रत्येक वेढ्याची कड वर उघडी राहते आणि पाणी अलगद आत उतरतं. कौलं शाकारताना खालच्या ओळीपासून सुरुवात करतात, कारण वरचं कौल खालच्यावर चढायला हवं, टेपलाही तेच. आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून निम्म्या रुंदीला, खालून वर. तिच्यावर साधी टेप, हीही खालून वर. शेवटचा वेढा ताण न देता, नाहीतर टोक उन्हात सुटतं. जोडाखाली केबलला थेंब गळण्यापुरता झोल.

ओली केबल दहा सेंटिमीटर कापली, नवा जोड, गरम हवेनं वाळवून. व्हीएसडब्ल्यूआर १.१६. पूर्ण शक्ती. उरलेले पाच जोडही उघडून पाहिले. एक आणखी वरून खाली गुंडाळलेला निघाला, त्यात पाणी नव्हतं. तोही पुन्हा केला.

१९ जून २०२५ : दमट खोली

बाहेरची हवा आत घ्यायची नाही, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. वाऱ्यात मीठ असतं. उष्णता अर्धा किलोवॅट, एक टनाचा एसी पुरून उरतो. खरी अडचण वीज गेल्यावर. एसी बंद, चिऱ्याच्या भिंती ओल सोडतात, दोन-तीन तासांत आर्द्रता ९० च्या वर. वीज आल्याबरोबर ट्रान्समीटर सुरू झाला तर गार पट्ट्यांवर दव असतं. रिलेचं टायमर असं लावलं: वीज दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेली असेल तर आधी वीस मिनिटं एसी, मग ट्रान्समीटर. रॅकच्या तळाशी ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब, कायम चालू.

पहिली मोठी वीज १४ तारखेला पडली, बहुधा मनोऱ्यावरच. विजेच्या पेटीतला सर्ज प्रोटेक्टरचा एक कप्पा लाल झाला, बाकी काही नाही. कप्पा बदलला, दोन शिल्लक.

बाकी कामं: कड्याखालच्या वाडीसाठी छोट्या रिपीटरचा (सिग्नल पकडून पुन्हा सोडणाऱ्या यंत्राचा) कागद करायचा. फीडरचे दोन जादा जोड आणि रबरी टेपचे सहा रोल स्टुडिओत नाही, सड्यावरच्या खोलीत ठेवायचे. अर्थिंगची ५.३ ही जानेवारीची ओल असतानाची नोंद आहे. खरी परीक्षा पुढच्या मेच्या दुसऱ्या आठवड्यात, कातळ तापलेला असताना. गोणपाट आणि पत्र्याच्या पट्ट्या खोलीच्या मागे टांगून ठेवल्या आहेत.